आपल्याबद्दल नाही

"हा देश गोऱ्यांचाच राहील!" उमेदवार गरजला आणि अमेरिकेतल्या त्या छोट्या गावाचं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. वृंदाच्या नवऱ्यानेही टाळ्या वाजवल्या.

"अहो, तो आपल्याबद्दलच बोलतोय!" ती कुजबुजली.

"छे! चोरून घुसलेल्यांबद्दल बोलतोय. तीस वर्षं मी या गावाचे दात सांभाळतोय."

तेवढ्यात पुढच्या रांगेतली त्यांची जुनी पेशंट वळली. "डॉक्टर, माणूस तुम्ही चांगले," ती गोड हसली, "पण आता तुमच्या देशात परत जा."

डॉक्टर कसनुसे हसले, तशी वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी मुलं इथं जन्मली. कुठं परत जाऊ?" ती उभी राहून इंग्रजीत ओरडली.

"बस खाली, लोक बघतायत," नवऱ्याने तिचा हात ओढला.

तिने हात झटकला आणि तोच प्रश्न मराठीत, नवऱ्याकडे बघून विचारला.