शेवटच्या गाण्यातला आवाज

खाणीत उतरून टिपलेल्या यंत्रांच्या खडखडाटावर डेटलेफच्या रॉक बँडनं अल्बम काढला. बोट्रोप या जर्मन खाणगावाच्या वर्तमानपत्रानं लिहिलं, "भंगाराचं दुकान! शेवटच्या गाण्यात कुणीतरी मध्येच ओरडतं, तेही पुसलेलं नाही." रेकॉर्ड कंपनीनं डेटलेफला फोनवर बजावलं, "नव्या आवृत्तीत तो आवाज नको." तेवढ्यात हेडविगकाकू स्टुडिओत आल्या. रेकॉर्डिंगनंतर त्यांचा नवरा एर्विन खाणीत गाडला गेलेला; वर काढताच आला नव्हता. "माझा एर्विन बोलतो म्हणे तुमच्या गाण्यात?" "चुकून आलंय, काकू." "चुकून कसं? खाणीत भेटेल त्याला तसं म्हणायचंच असतं. येडा, मायक्रोफोनलाही म्हणाला!" डेटलेफनं गाणं लावलं. घणांच्या कल्लोळातून हाक आली, "ग्ल्युकआउफ!" खाणकामगारांचा नमस्कार, म्हणजे सुखरूप वर ये. प्रार्थनेला उठावं तसं उठून काकूंनी रीतीप्रमाणे तोच शब्द परत दिला. डेटलेफनं कंपनीला फोन केला. "अख्खं गाणं वगळा हवं तर, आवाज पुसणार नाही. हा माणूस वर आलाय, त्याला पुन्हा खाली धाडणार नाही."