एकोणपन्नास–एकोणपन्नास

लॉरेटा गेल्याचं डॉक्टरने सांगितलं त्या दिवशी डाव तेहेतीस–सत्तावीस असा होता. नोरीन पुढे होती.

एमिल व्रानाने टोपी डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. बायकोचे बूट कागदी पिशवीत घालून तो शिकागोजवळच्या सिसरोच्या घरी आला. संध्याकाळी त्याने लॉरेटाच्या फोनवरून त्या दिवसाची निवड कळवून टाकली. ती चुकली. चौतीस–सत्तावीस.

हा डाव मायलेकींचा होता. रोज बेसबॉलचा एक सामना, एकाआड एक निवड. निवडणाऱ्याने सट्ट्याच्या भावात मागे असलेलाच संघ घ्यायचा, म्हणजे डोकं चालवावं लागे; समोरचा संघ दुसरीचा, आणि जिचा संघ जिंकेल तिला एक गुण. जाहीर झालेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ऐनवेळी बदलला, तर सामना धरायचा नाही. जो आधी पन्नास गाठेल तो जिंकला. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या गावी जाऊन रविवारचं जेवण रांधायचं. चार वर्षं लॉरेटाच हरत आली होती आणि दर वर्षी टूसॉनला जाऊन मुलीच्या ओट्यापाशी उभी राहत होती.

नोरीन सिसरोला येत नसे. तिच्या लग्नात बापलेकीने नाचायची वेळ झाली, तेव्हा बाप गाडीत रेडिओला कान लावून बसला होता. शेवटची, नववी इनिंग चालू होती आणि पैसे लावलेले होते. त्याला अकरा वर्षं झाली. हरून टूसॉनला गेलो तर ते दार आपल्याला उघडणार नाही, हे एमिल जाणून होता. ती यायला हवी, तर जिंकायलाच हवं होतं.

मे गेला, जून गेला. एमिल लॉरेटाच्या रीतीने सामने तोलायला शिकला. स्वतःच्या रीतीने त्याने जन्मभर हात पोळून घेतले होते. जुलैच्या एका बुधवारी एकोणपन्नास–एकोणपन्नास झालं.

गुरुवारी निवड त्याच्याकडे होती. सकाळीच नोरीनचा निरोप आला, "आज शेवट. हात थरथरतोय ना?"

"तुझा थरथरत असेल. सामन्याच्या दीड तास आधी कळवते," असं काहीतरी त्याने लिहिलं, पुसलं, आणि नुसतं "दीड तास आधी," एवढंच पाठवलं.

तो बेटिंगच्या हॉलमध्ये जाऊन बसला. त्याचा जुना दोस्त लेस्टर नेहमीच्या खुर्चीत सॉसेज खात होता.

"सिनसिनाटी बघतोयस?" लेस्टर म्हणाला. "अरे, शिकागोकडून डनलॉप टाकतोय! म्हाताऱ्या, चष्मा बदल."

"पिचर सगळेच बघतात."

"मग तू काय बघतोस? गवत?"

"त्याचे चेंडू झेलायला कोण बसतो ते बघतो. काल रात्री सामना तेरा इनिंग चालला. शिकागोचा कॅचर तेराही इनिंग उकिडवा होता. आज दुपारी त्याचे गुडघे चालतील?"

"हे लॉरेटाचं बोलणं."

"तिचंच."

लेस्टरने बोटं पुसली. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "आणि समोर तीच पोरगी ना? आईला माती द्यायलासुद्धा आली नाही ती. आणि तू तिच्याशी खेळ मांडून बसलायस."

"तिला बोल लावू नकोस, लेस."

"मी कोण बोल लावणारा? पण इतकं काळीज कठीण—"

"लेस."

लेस्टरने सॉसेजचा उरलेला तुकडा तोंडात कोंबला.

संघांची यादी लागली. शिकागोचा नेहमीचा कॅचर आज बाहेर ठेवला होता. त्याच्या जागी बदली, फक्त चौथा सामना खेळणारा. भाव मात्र कालचाच चालू होता. वारा तळ्यावरून मैदानात येत होता, म्हणजे धावा कमी पडणार आणि एकेक धाव मोलाची ठरणार. एमिलने खिडकीवर सिनसिनाटीवर वीस डॉलर लावले आणि फोनवर लिहिलं, "सिनसिनाटी."

"वेड लागलंय," नोरीनचं उत्तर आलं. "पण ठीक. डनलॉप माझा."

सहा इनिंग डनलॉपने कुणाला हलू दिलं नाही. सातवीत सिनसिनाटीचा एक जण तिसऱ्या बेसवर, धावेपासून एकाच टप्प्यावर, पोचला. डनलॉपने आपला नेहमीचा, शेवटी जमिनीत घुसणारा चेंडू टाकला. बॅटरने हवेत बॅट फिरवली. चेंडू मातीला लागून कॅचरच्या ढोपराखालून निसटला आणि मागच्या भिंतीपर्यंत गेला. एक धाव.

"अरे, अडव ना!" लेस्टर पडद्यावर ओरडला.

नवव्या इनिंगमध्ये शिकागोच्या फलंदाजाने चेंडू असा उंच मारला, की अख्खा हॉल उभा राहिला. एमिल उठला नाही. त्याने डोळे मिटले. वाऱ्याने चेंडू मागे ढकलला आणि तो कुंपणापाशी झेलला गेला.

एक–शून्य. पन्नास–एकोणपन्नास.

"जिंकलास, थेरड्या!" लेस्टरने त्याच्या पाठीत थाप मारली. "आता येणार ना ती?"

"येणार."

एमिलने घरी जाऊन पुढची खोली झाडली. पलंगावर धुतलेली चादर घातली. मोठं पातेलं फळीवरून उतरवलं. नोरीनच्या हातचं काही खाऊन अकरा वर्षं झाली होती. तिचा आवाज कसा झाला असेल, याचा विचार करत तो ओट्याला टेकून उभा राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. त्याने उभ्यानेच निरोप वाचला.

"जिंकलीस गं, आई. एकदाची! शनिवारी दुपारी उतरते. विमानतळावर तू एकटीच ये, बाबांना आणू नकोस. आणि महिना उलटला, नुसतं लिहितेस, फोन उचलत नाहीस, त्याचा जाब आल्यावर विचारणार आहे."

एमिल खुर्चीवर बसला. लॉरेटा गेल्याचं नोरीनला सांगायचं अजून राहिलं होतं.