बटच्या अलीकडे

"एक अक्षर बदलायचं नाही, बाई. फक्त दोन वाक्यांची अदलाबदल करा," साहेब म्हणाले, पाणी मागावं इतक्या सहज.

दाराबाहेरच्या बाकावर शिलाई विभागातली मुलगी पर्सचा पट्टा पिळत बसली होती. भाषांतर करणाऱ्या बाईंनी चौकशीचा निकाल हेड ऑफिससाठी इंग्रजीत केला होता: सुपरवायझर कामात हुशार आहे, 'बट' त्याने या मुलीला स्टोअर रूममध्ये कोंडलं. साहेबांना उलटं हवं होतं. आधी स्टोअर रूम, मग 'बट', मग हुशारी.

"दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत ना? मग तोंड कशाला वाकडं करताय?"

"हा शब्द फार जुना आहे, साहेब. पूर्वी त्याचा अर्थ 'बाहेर' असा होता. त्याची ती खोड अजून गेलेली नाही. त्याच्या अलीकडे ठेवाल ते बाहेर फेकलं जातं. हुशारी फेकली गेली तर हा घरी बसेल. स्टोअर रूम फेकली गेली तर उद्या हाच हिच्या मशीनमागे उभा असेल."

"अक्कल पाजळू नका! कुठे शिकलात हे?"

बाईंनी निकाल होता तसाच पाठवून दिला आणि मगच मान वर केली.

"इथेच, साहेब. त्या बाकावर एकदा मी बसले होते. माझी तक्रार 'बट'च्या अलीकडे होती."