वळणावरची दरड

गावातल्या मुरारीनं जुल्फिकारला पाठुंगळी घेऊन वर आणलं, तेव्हा खैरुनबी ट्रेलरच्या दारात बसून तांदूळ निवडत होती.

"खालच्या वळणावर दरड आलीय, भाभी," मुरारी म्हणाला. "रस्ता पार बुजलाय. भाई हातानं धोंडे सारायला गेले नि पाय मुरगळला."

"शुक्रवारी विमान आहे माझं," जुल्फिकार त्याला म्हणाला. जणू दरड मुरारीनंच आणली होती.

दोन हजार दोनचा ऑक्टोबर, सोमवारचा दिवस. परतीचा पाऊस रात्रभर कोसळून नुकताच थांबला होता.

जुल्फिकार अठरा वर्षं कुवेतला ट्रक चालवत होता. दोन वर्षांतून एकदा, दीड महिन्यासाठी महाडला यायचा. थंडीत तिकडची माणसं गाडीमागे चाकांवरचं घर जोडून वाळवंटात राहायला जातात, ते त्यानं चालत्या ट्रकमधून पुष्कळदा पाहिलं होतं. या खेपेला त्यानं महाडातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून तसंच घर करून घेतलं. दोन बाकडी, गॅसची शेगडी, टपावर पाण्याची टाकी. भावाच्या छोट्या ट्रकला ते जोडलं आणि बायकोला म्हणाला, "चल, आपणही फिरू."

आळीतले लोक हसले. खैरुनबी मात्र दोन लुगडी आणि मसाल्याचा डबा घेऊन निघाली.

आधी शिवथरला ओढ्याकाठी राहिले. मग पोलादपूरवरून मातीच्या रस्त्यानं कुडपणला चढले. गावाच्या अलीकडे, टेकाडामागच्या सड्यावर, मोकळ्या कातळावर, त्यांनी ट्रेलर लावला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. दोघंच, एका खोलीत, सलग बारा दिवस, असं पहिल्यांदाच होत होतं. मुलीचं, मदिहाचं लग्नही खैरुनबीनं एकटीनं पार पाडलं होतं. त्या दिवसांत जुल्फिकारला रजा मिळाली नव्हती.

आता तो बाकड्यावर पाय लांब करून पडला होता. छत नाकाला लागेल इतकं जवळ. बाहेर धुकं. मोबाईलला रेंज नाही.

"शनिवारी हजर झालो नाही तर व्हिसा रद्द," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाला.

मंगळवारी दुपारी खैरुनबी गावच्या विहिरीवर पाण्याला गेली. हंडा भरत होती तोच एक जीप गावात शिरली. चाकं लाल चिखलानं माखलेली.

"सुटला रस्ता," मुरारी लांबूनच म्हणाला. "खालून जेसीबी आला व्हता. भाईंना सांगतो जाऊन."

खैरुनबीनं हंडा खाली ठेवला. "नका सांगू. पाय टम्म सुजलाय. ऐकलं की लगेच गाडी काढतील. मीच सांगेन सवडीनं."

"ते बी खरं हाय," मुरारी म्हणाला.

ती परत आली तेव्हा जुल्फिकार कोपर टेकून उठून बसला होता. "काय म्हणतात?"

"मोठा खडक आहे म्हणे. अजून चार दिवस तरी जातील."

हे बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि मागे घेता येईना. तेव्हापासून ती खोली जुल्फिकारला वाटत होती त्याहूनही तिला लहान वाटू लागली. टेकाडापलीकडे अधूनमधून जीप घरघरायची.

"गाडीचा आवाज ना हा?"

"गिरणी आहे गावात," ती म्हणायची, आणि भांडी घासायला बाहेर पडायची.

बुधवारी ती विहिरीवर मुद्दाम रेंगाळली. त्याच्या नजरेला नजर देणं तिला जड जात होतं. परतली तर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. पाय कालच्यापेक्षा जास्त सुजला होता. तिनं हळद-मीठ गरम करून लेप लावला.

"दुखतो का?"

"थोडा."

गुरुवारी त्यानं रस्त्याचं काही विचारलंच नाही. ती वाट बघत राहिली. त्यानं विचारलं ते भलतंच.

"मदिहा रडली का गो, जाताना?"

"नाही. मलाच म्हणाली, अम्मी, रडू नको."

"अजून सांग."

ती सांगत गेली. मांडव वाऱ्यानं उडाला तो, बिर्याणी कमी पडली ती, सगळं. तो डोळे मिटून ऐकत होता. मधूनच हसला. त्यानं आशा सोडली, असं तिला वाटलं. दुपारी दोनदा खरं सांगायला तिनं तोंड उघडलं. दोन्ही वेळा चहाच टाकला.

शुक्रवारी उजाडताना ती जागीच होती. आत्ता निघालं तरी मुंबई गाठता येईल, एवढं तिला कळत होतं. गावातल्या जीपनं खाली उतरता आलं असतं, गाडी जुल्फिकारच्या भावानं मागाहून नेली असती. ती उठली, जुल्फिकारच्या खांद्यापर्यंत हात नेला. तो गाढ झोपल्यासारखा दिसत होता. तिनं पांघरूण सारखं केलं आणि परत जाऊन बसली.

संध्याकाळी धुकं दारापर्यंत आलं. जुल्फिकारनं घड्याळ बघितलं.

"उडालं," तो म्हणाला.

खैरुनबीनं शेगडी बंद केली. त्याच्याकडे न बघताच ती बोलू लागली. "रस्ता मंगळवारीच सुटला होता. मला माहीत होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले. मुरारीलाही मीच गप्प बसवलं. अठरा वर्षांची नोकरी घालवली मी तुमची. आता काय बोलायचं ते बोला."

जुल्फिकारनं सुजलेला पाय उचलून बाजूला घेतला. मग सरकून त्यानं बाकड्यावर तिला जागा केली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "बुधवारी तू विहिरीवर गेलीस, तेव्हा मी काठी टेकत वळणापर्यंत जाऊन आलो."