डबीतला कान

“आजोबा, तुम्ही मला विसरणार का?” आजोबा हल्ली बरंच विसरायचे, आणि हे त्यांना विचारायची माझी हिंमत नाही अशी मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून मी विचारूनच टाकलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले आजोबा नुसते हसले. मग मी कानाशी जाऊन ओरडले. “अगं, घरात कोण काय बोलतं तेच कळत नाही,” ते म्हणाले, “लक्षात ठेवू काय, कप्पाळ?” डॉक्टरांनी बजावलं होतं, ऐकू येईनासं झालं की माणूस एकटा पडतो आणि विसरणं वाढतं. कानाचं यंत्र आणलंही होतं. ते आईच्या कपाटात डबीतच सापडलं, बॅटरीवरचा कागदसुद्धा शाबूत. “महागाचं आहे गं, कुठेतरी विसरून येतील,” आई म्हणाली. बाबांनी मान डोलावली. मी कागद सोलून यंत्र आजोबांच्या कानात बसवलं. त्यांनी चमकून भिंतीकडे पाहिलं. “घड्याळाची टिकटिक लंगडतेय की!” “यंत्र कानातच राहणार,” मी आईबाबांना जाहीर केलं. “हरवलं तर मी शोधीन.”