पहिल्या दिवसाचा पंजा

बिश्केकच्या त्या प्रयोगशाळेत पीएचडीला आलेल्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी, हात न धुता, मोठ्या पेट्री डिशमधल्या जेलीवर पंजा दाबायचा अशी रीत होती. दुसऱ्या दिवशी हातावरचे जंतू वाढून पंजा उमटला, की सगळे त्याला हसायचे आणि चहाबरोबर बोरसोक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, खायचे.

नव्याने आलेल्या बेर्मेतच्या डिशमध्ये दोन पंजे उमटले. एक तिचा. दुसरा लहान मुलाचा असावा एवढा, आणि त्याची बोटं तिच्या बोटांत गुंतलेली.

“सोबत कुणाला आणलंस ग?” तिच्या मार्गदर्शक चोल्पोन-एजे हसल्या. सगळी प्रयोगशाळा त्यांना एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणायची. “प्रवेश तर मी एकटीलाच दिलाय.”

बेर्मेतला हसू आलं नाही. तिने दार लावलं, हात साबणाने धुतले, वर स्पिरिटने चोळले आणि नव्या डिशमध्ये पंजा दाबला.

दुसऱ्या दिवशी तिचा पंजा उमटलाच नव्हता. लहान पंजा मात्र होता. बोटं फाकलेली, मधे तिच्या बोटांपुरती जागा सोडलेली.

एजेंनी डिश खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली.

“घाबरू नकोस, वेडे,” म्हणत त्यांनी बेर्मेतचा उजवा हात हातात घेतला, आणि चटका बसावा तसा सोडून दिला.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या हातावरची नजर न काढता त्या हळूच म्हणाल्या, “डावा दे ग बाळ. हा कुणीतरी धरलाय.”