रंजीताची बारी

दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेदिवशी सकाळी भूपेशनं माळ्यावरची फळी उतरवली आणि दोन्ही हातांवर आडवी तोलून ओसरीत आणून ठेवली. फळीवर खडूनं आखलेल्या घरांमध्ये दोन सैन्यं समोरासमोर उभी होती. एकेक शिपाई बोटाच्या पेराहून लहान. एका बाजूला पाण्याचं राज्य: मगरतोंड्या राजा आणि माशांवर बसलेले भालेवाले. दुसऱ्या बाजूला रानाचं: वाघमुखी राणी, शिंगांचे राक्षस, पाय नसलेली भुतं. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या वितळवून आणि मातीच्या साच्यात ओतून शाळेत असताना भूपेश आणि त्याच्या तिघा सोबत्यांनी ती घडवली होती. खेळ त्यांचाच, नियमही त्यांचेच. सहा वर्षांत कुणी तो खेळलं नव्हतं.

अंगणात त्याचा बाप डोमा जाळं पसरून बसला होता. घेराच्या बऱ्याच गोळ्या गळून गेल्या होत्या. हलकं झालेलं जाळं सावकाश बुडे आणि तेवढ्यात मासा खालून निसटे. घरात शिसं असताना ते विकत आणणं डोमाला पटत नव्हतं.

"आज सारे गावात हायेत. इचारून घे," तो म्हणाला. "खेळ सुरू होत असन तं ठेव. नाई तं वितळवून टाकू."

मिथुन वरोऱ्याच्या जिनिंगमधून आला होता, आदेश नागपूरहून. फळी पाहताच दोघं उकिडवे बसले. त्या काळी दोघं आळीपाळीनं हरायचे, आणि आता आपणच कसे जिंकायचो यावरून त्यांची जुंपली. खेळ सुरू झालाच पाहिजे, यावर मात्र त्यांचं लगेच एकमत झालं. मिथुनला अजून एक सैन्य हवं होतं, आकाशातलं. आदेश म्हणाला, नागपुरात असे प्लास्टिकचे मिळतात, पण त्यांना यांची सर नाही.

"मंग बसा ना," भूपेश म्हणाला आणि दान टाकायचे फोडलेले चिंचोके पुढं केले.

आदेशनं घड्याळ पाहिलं. रात्रीच्या नाटकाची तिकिटं आधीच काढून ठेवायला हवी होती. वडशाची कंपनी होती, उशिरा गेलं तर मागं बसावं लागलं असतं. मिथुन म्हणाला, दिवाळीची सुट्टी ही काय सुट्टी असते, उन्हाळ्यात येऊ आणि चांगला आठवडाभर खेळू. जाताना त्यानं मगरतोंड्या राजाच्या डोक्यावर बोटानं टिचकी मारली.

रंजीता आली ती कडेवर मुलीला घेऊन. भाऊबीजेसाठी कुरखेड्याहून आली होती आणि दुपारच्या गाडीनं परत निघायची होती. ती फळीपाशी उभी राहिली, मग हळूच खाली बसली.

"तुहे चमकून राह्यले," ती म्हणाली. "माहे काऊन असे काळे?"

"हात लावाचा नसते ना."

नियम तिनंच केला होता. डाव चालू असताना कुणाला उठावं लागलं, तर त्याचं सैन्य जिथल्या तिथं थांबायचं आणि तो माणूस परत येईपर्यंत दुसऱ्यानं त्या सैन्याला शिवायचं नाही. शेवटच्या डावात तिला पाहायला पाहुणे आले होते. आईनं हाक मारली, आणि हातातले चिंचोके फळीच्या कडेला ठेवून ती उठली होती. तेव्हापासून भूपेश दर दिवाळीला आपले शिपाई राखेनं घासत होता. तिच्या शिपायांवर चुलीचा धूर बसत गेला होता.

भूपेशनं तिला बापाचं म्हणणं सांगितलं. मिथुन आणि आदेश हो म्हणून गेले, हेही सांगितलं. मग म्हणाला, तुझं काय ते सांग, त्यावर आहे सगळं.

मुलीनं एका भुताकडं हात नेला. रंजीतानं तो अलगद धरला. तिनं चिंचोके उचलले, मुठीत खुळखुळवले. भूपेश नकळत पुढं सरकून बसला. पांढरे किती पडले तर राणी कुठं जाईल, हे त्यानं केव्हाच मोजून ठेवलं होतं. बहुतेक दानांमध्ये तोच हरत होता.

बाहेरून तिच्या भावानं हाक मारली. गाडी फाट्यावर आली होती.

रंजीतानं मूठ उघडली आणि चिंचोके पुन्हा फळीच्या कडेला, होते तिथंच ठेवले.

"नोको सुरू करू," ती म्हणाली. "सुरू केला तं माह्या जागी कोनी बसन. बारी माहीच राहू दे."

ती गेली. रस्त्यावरून मंडईचे ढोल जवळ येत गेले आणि पुढं निघून गेले.

संध्याकाळी भूपेशनं चूल पेटवली आणि लोखंडी पळीत शिपाई घेऊन ती वर धरली. भालेवाले आधी वितळले, मासे नंतर. मगरतोंड्या राजा जरा जाड होता. तो बराच वेळ छातीपर्यंत उभा राहिला आणि मग एकदम गेला. डोमानं गार झालेल्या गोळ्या तळहातावर तोलून पाहिल्या आणि समाधानानं मान हलवली. मग त्याची नजर फळीकडं गेली.

"हे काऊन ठेवले?"

"ते माहे नाई, बा."

भूपेशनं फळी उचलली. वजन आता एकाच बाजूला होतं आणि ती कलू लागली. वाघमुखी राणी जागची हलली. तो थांबला, एक हात काळ्या सैन्याच्या खाली सरकवत नेला, फळी सरळ होईपर्यंत, आणि मग तशीच ती माळ्यावर चढवली.